वाचणारा व्हर्सेस तपासणारा

सोमवारी सकाळी तपासणी खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. धाकट्यांनी तो सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला आणि मथळ्यापाशी ते थांबले.

कागद इंग्रजीत होता. वरती तारीख, खाली तक्ता, आणि मधोमध जाड अक्षरात मथळा : वाचणारा व्हर्सेस तपासणारा. मथळ्याखाली तीन ओळी. एक आठवडा दोघांनी स्वतंत्रपणे काम करावे. परस्परांशी बोलू नये, कागदांची देवाणघेवाण करू नये. आठवड्याअखेर दोनपैकी एक पद चालू राहील.

वाचणारे म्हणजे धाकटे. तपासणारे म्हणजे थोरले. दोघे साडू. धाकट्यांना चोपन्न वर्षं पूर्ण, थोरल्यांना एक्कावन्न. पण थोरल्यांची बायको मोठी बहीण, म्हणून तीन वर्षांनी लहान असलेला माणूस गेली बावीस वर्षं थोरले होता आणि त्याच्याआधी जगात आलेला माणूस धाकटे. सासरी वय जन्मतारखेवरून धरत नाहीत. पुढे ही नावं कचेरीतही आली. थोरल्यांनीच धाकट्यांना इथे चिकटवलं होतं, आणि हे धाकट्यांना घरी आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळत असे.

छापखाना औषधांची पत्रकं छापायचा. औषधाच्या खोक्यातून जो आठ घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद निघतो आणि उघडला की पुन्हा कधीच घडी होत नाही, तो. त्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूसही इकडचा तिकडे होतो, म्हणून प्रत्येक पत्रक यंत्रावर चढण्याआधी तपासलं जाई. पद्धत जुनी होती. धाकटे मूळ प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट. "प्रौढांसाठी कोलन दिवसातून दोनदा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम." थोरले समोर छापील प्रूफवर लाल पेन्सिल फिरवत. फरक दिसला की पेन्सिलीची पाठ टेबलावर आपटे : टक. धाकटे थांबत. थोरले दुरुस्ती करत. मग दोनदा, टक टक, म्हणजे चला पुढे. बावीस वर्षांत एक चुकीचं पत्रक बाहेर गेलं नव्हतं. बावीस वर्षांत धाकट्यांनी एकदाही प्रूफ बघितलं नव्हतं आणि थोरल्यांनी मूळ प्रत. गरजच काय होती.

या धंद्याचे परिणाम होतातच. लग्नानंतर धाकट्यांनी बायकोला आपण लिहिलेलं पहिलं पत्र वाचून दाखवलं तेव्हा "प्रिये स्वल्पविराम" अशी सुरुवात केली होती, आणि ती गोष्ट दोन्ही बहिणींना अजून तोंडपाठ होती.

"काय हो," धाकटे कागदाकडे बघत म्हणाले, "व्हर्सेस म्हणजे आपलं ते सामन्यात असतं तेच ना?"

"तेच," थोरले म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

खोलीत कपाटावर एक जाडजूड शब्दकोश होता. धाकट्यांनी तो उतरवून पाहिला. पहिला अर्थ : विरुद्ध. दुसरा अर्थ : च्या तुलनेत. उदाहरण म्हणून एका संघासमोर दुसरा संघ दिला होता. धाकट्यांना वाटलं, क्रम उलटा आहे. आधी तुलना करतात, मग विरुद्ध करतात. अगोदर कोण हुशार, कोण ढ ते ठरतं आणि भांडण त्यातून निघतं. शिवाय सामन्यातला हरलेला संघ संध्याकाळी आपल्या घरी जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा खेळतो. चोपन्नाव्या वर्षी हरलेला माणूस घरी जातो तो घरीच राहतो. "तुम्हाला काय येतं" असं कोणी विचारलं तर "मोठ्याने वाचता येतं" याच्यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि एवढं तर चौथीतल्या पोरांनाही येतं.

शब्द मात्र त्यांना नवा नव्हता. इंग्रजीत व्हर्सेस म्हणतात, घरी "जरा भावोजींकडे बघा" म्हणतात. भावोजींनी गॅलरीला जाळी बसवली. भावोजी सकाळी फिरायला जातात. भावोजींचं पोट बघा आणि तुमचं बघा. बावीस वर्षं हा सामना चालू होता आणि धाकटे प्रत्येक मोसमात दुसरे येत होते. पण त्या सामन्यात कोणी बाद होत नसे.

दहा वाजता दोन सुतार आले आणि खोलीच्या मधोमध फळ्यांची आडभिंत उभी करून गेले. खिडकी थोरल्यांच्या वाट्याला आली, पंखा धाकट्यांच्या. मागोमाग मॅडम आल्या. त्या तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या व्यवस्थापक, वयाने धाकट्यांच्या मुलीहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठ्या आणि अतिशय सभ्य. धाकट्यांना त्या सभ्यपणाचीच भीती वाटे. ओरडणारा साहेब ओरडून मोकळा होतो. जो माणूस "कृपया बसा" म्हणतो त्याचं पुढचं वाक्य कधी चांगलं नसतं.

"कृपया बसा," मॅडम म्हणाल्या. "रोज एक पत्रक. त्यात मी मुद्दाम नऊ चुका पेरल्या आहेत. दोघांना तोच कागद. संध्याकाळी सापडलेल्या चुका दारावरच्या तक्त्यात लिहीन. यात वैयक्तिक काही नाही."

"नाही, नाही," धाकटे म्हणाले. त्यांच्या आयुष्यात इतकं वैयक्तिक अजून काही घडलं नव्हतं.

दार लागलं. धाकट्यांनी डावीकडे मूळ प्रत ठेवली, उजवीकडे प्रूफ, आणि लाल पेन्सिल हातात धरली. ती हातात परक्या माणसाच्या दातकोरण्यासारखी वाटली. त्यांनी मनात वाचायला सुरुवात केली. एक ओळ डावीकडची, एक उजवीकडची. दोन्ही सारख्या. पुढची ओळ, सारखी. अर्ध्या तासात ते तळाला पोचले आणि एकही चूक सापडली नाही. त्यांच्या डोळ्यांना जे असायला हवं तेच दिसत होतं; डाव्या कागदावरचं बरोबर वाक्य उजव्यावर आपोआप जाऊन बसत होतं. त्यांना घाम फुटला. पंखा पूर्ण वेगात होता. नऊ चुका त्या कागदावर निजलेल्या होत्या, जसे अंथरुणात विंचू, आणि त्यांना नुसती चादर दिसत होती.

पलीकडून आवाज नव्हता. थोरले भराभर खुणा करत असणार. त्यांचा तर धंदाच तो.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा भीतीने त्यांचे ओठ हलायला लागले. मग ओठांतून आवाज यायला लागला. त्यांना ते कळलंही नाही; अंधारात चालताना माणूस गुणगुणतो तसं ते झालं. "रिकाम्या पोटी घेऊ नये पूर्णविराम नवा परिच्छेद एका वेळी पाच मिलिग्रॅम..."

टक.

फळीच्या पलीकडून आलेला तो आवाज त्यांनी बावीस वर्षं ऐकला होता, पण आज पहिल्यांदाच तो त्यांना खिळा ठोकल्यासारखा वाटला. सापडली वाटतं एक. आणि मला ऐकवतायत. एरवी साधे दिसतात हो, पण शेवटी थोरले ते थोरले.

त्यांनी खाली बघितलं. बोट "पाच मिलिग्रॅम" वर थांबलं होतं. प्रूफमध्ये पन्नास होते.

पलीकडून, टक टक.

धाकट्यांनी पेन्सिलीने शून्याला गोल केला आणि पुढे वाचलं. संध्याकाळी मॅडमनी तक्त्यात लिहिलं : वाचणारा नऊ, तपासणारा नऊ.

एखाद्याने यावर सुटकेचा श्वास सोडला असता. धाकटे त्यांतले नव्हते; त्यांना सुख आलं की आधी त्याची मागची बाजू बघायची सवय होती. बोलू नये असा नियम होता. आपण बोललो नव्हतो, वाचलं होतं. पण मॅडमनी विचारलं तर हा फरक त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्यांचीच नोकरी बाहेर पडली असती. आणि दुसरं म्हणजे, थोरले हे का करत होते? सामन्यात समोरचा माणूस तुम्हाला फुकट धावा देतो तेव्हा तो दयाळू असतो की लबाड? कोंबडीला दाणे कोण टाकतं आणि कशासाठी, हे सर्वांना माहीत असतं. फक्त कोंबडी नंतर सांगायला येत नाही.

मंगळवारी पुन्हा नऊ-नऊ. बुधवारीही. कचेरीबाहेर दोघे नेहमीसारखे बरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि रस्ता खोदलाय, फार खोदलाय, असं बोलले.

घरी जेवताना बायको म्हणाली, "अहो, ताईचा फोन होता. भावोजी दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे."

"का?"

"ते तुम्ही सांगायचं. एका खोलीत बसता."

"आता मध्ये भिंत आहे."

"भिंत आमच्या दोघींमध्ये नाहीये," बायको म्हणाली. "तिने विचारलं, हे काही बोलले का. मी म्हटलं, आमचे तर जेवतायत बाई, पण मिठाच्या जागी साखर घातली तरी त्यांना कळायचं नाही. हे सगळं कधी संपणार?"

"शुक्रवारी."

"आणि मग?"

धाकट्यांनी मीठ मागितलं.

अंथरुणावर पडल्यावर त्यांना सगळं लख्ख उमगलं. थोरले जेवत नाहीत, कारण मन खातंय. मन खातंय, कारण डाव रचलाय. तीन दिवस खऱ्या जागी टकटक करायची, विश्वास बसवायचा, आणि गुरुवार-शुक्रवार चुकीच्या जागी ठोकायचं. बरोबर आकड्याला गोल करून धाकटे मॅडमसमोर उभे राहणार. औषधाच्या पत्रकात बरोबर आकडा चुकीचा करणारा माणूस म्हणजे कामावरून नुसता कमी करायचा नव्हे. त्याची गोष्ट करून नव्या माणसांना सांगतात.

म्हणून गुरुवारी धाकटे तोंडातून अक्षर काढणार नव्हते. त्यांनी रुमालाची घडी केली आणि दातांत धरली.

दहा वाजले. साडेदहा. कागदावर चादर पसरलेली, विंचू कुठेच नाही. पलीकडे शांतता. पावणेअकराला थोरले खाकरले, हलकेच, देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस "अहो" म्हणण्याआधी खाकरतो तसे. धाकट्यांनी रुमाल घट्ट धरला. थोड्या वेळाने एक आवाज आला. टक. पण हा वेगळा होता. कुठे थांबा असं सांगणारा नव्हता, कारण कोणी चालतच नव्हतं. दार वाजवल्यासारखा होता. आहात का?

धाकटे बसून राहिले. मान ताठ, दातांत रुमाल, डोळ्यांत पाणी. ते पाणी पंख्याच्या वाऱ्याने आलं असं त्यांनी ठरवलं.

पुन्हा आवाज आला नाही. दुपारभर नाही.

संध्याकाळी तक्त्यात मॅडमनी लिहिलं : वाचणारा एक, तपासणारा दोन. दोघांकडे आळीपाळीने बघून त्या म्हणाल्या, "दोघांनाही बरं नाहीये का? कृपया काळजी घ्या."

धाकटे आकड्यांकडे बघत राहिले. एक त्यांचा होता, तो त्यांना पटला. पण दोन? थोरल्यांचे दोन? लाल पेन्सिलवाल्याचे? त्यांनी तिरक्या नजरेने साडूकडे पाहिलं. थोरल्यांचा चेहरा प्रूफच्या कागदासारखा पांढरा पडला होता आणि ते चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता.

शुक्रवारी धाकट्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि पहिल्या शब्दापासून खणखणीत वाचलं. तिसऱ्या ओळीला टक झाली. त्या आवाजाने त्यांना इतकं बरं वाटलं की त्याचीच त्यांना भीती वाटली. नऊ-नऊ.

मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. "कृपया बसा," त्या म्हणाल्या, आणि धाकटे खुर्चीच्या कडेवर बसले.

"निकाल फार स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "एक दिवस सोडला तर दोघांना त्याच चुका सापडल्या. अगदी त्याच. म्हणजे एकाला जे सापडतं त्यात दुसरा काहीच भर घालत नाही. दोन माणसांची गरजच नाही." त्या जरा थांबल्या. "कोणाला ठेवायचं हे आकड्यांवरून मला ठरवता येत नाही. तुम्ही नातेवाईक आहात असं कळलं. तर घरीच बोलून सोमवारी मला एक नाव सांगाल का? यात वैयक्तिक काही नाही."

रविवारी थोरले आणि ताई आले. दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. साडू गॅलरीत उभे राहिले. त्या गॅलरीला जाळी नव्हती. पाच मिनिटं त्यांनी समोरच्या इमारतीचे पाइप बघितले.

"गुरुवारी गप्प का बसलात?" थोरले शेवटी म्हणाले.

"घसा बसला होता."

"असं."

"हो."

"मला वाटलं, माझं काही चुकलं. दिवसभर आठवत बसलो, काय बोललो असेन मी यांना. बुधवारी रस्त्याबद्दल बोललो होतो, त्यात काही लागण्यासारखं होतं का?"

धाकट्यांनी कठडा धरला. "तुम्ही टकटक का करत होतात?" त्यांनी विचारलं. "मला मदत म्हणून, की..." पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना.

थोरल्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. "मी करत होतो?"

"रोज. नऊ-नऊ वेळा."

"अरे देवा," थोरले हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम मोठ्याने वाचताय. माझ्यासाठी. बायकोला म्हटलंसुद्धा, की यांना दिसतंय मला एकट्याला जमत नाही, आणि कीव करून वाचतायत. घास उतरेना हो. लहानाने कीव करायची म्हणजे."

"मी तीन वर्षांनी मोठा आहे."

"ते खरंच की."

"आणि मला कुठे कळलं होतं मी मोठ्याने वाचतोय ते. पहिल्या टकीला कळलं."

"तुम्ही वाचलं नाहीत की मला नुसती अक्षरं दिसतात," थोरले म्हणाले. "मुंग्या. गुरुवारी मी पाहिलं ना. दोन सापडल्या त्यातली एक अंदाजाने."

"माझी एकसुद्धा," धाकटे म्हणाले. "अंदाजानेच."

मग दोघांनाही एकदमच कळलं : बावीस वर्षं ज्याला आपण काम येणं म्हणत होतो ते दोघांपैकी एकालाही येत नव्हतं. ते टेबलावर कुठेतरी मध्येच होत असे. आणि उद्या एक नाव द्यायचं होतं.

"तुमचं सांगतो," थोरले म्हणाले. "तुमची मुलगी अजून शिकतेय."

"आणि गुरुवारी ज्याला एकच सापडली तो मी एकटा तिथे बसू? पन्नासच्या जागी पाच कोण बघणार?"

"मग माझं सांगा."

"तुम्हाला दोन सापडतात. सात जातील."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बायको बाहेर आली, तिच्यामागे ताई. दोघींचेही डोळे लाल होते. कांदा चिरायचा तर अजून राहिलाच होता.

"ठरलं का?" ताईंनी विचारलं.

"नाही," थोरले म्हणाले.

"मग ऐका," बायको म्हणाली. "तुमच्यापैकी एक घरी बसला, तर उद्यापासून मी आणि ताई फोनवर काय बोलायचं? मी कोणाकडे बघा म्हणायचं? बावीस वर्षं मी यांना ऐकवत आलेय, कारण दोघे सारखेच होते. खरंच एक वर आणि एक खाली झाला तर तोंडातून शब्द निघेल का माझ्या?"

सोमवारी मॅडमच्या दाराबाहेर धाकट्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. थोरले मागे होते. बोलायचं धाकट्यांनी असं ठरलं होतं, कारण बोलणं हे त्यांचंच काम.

"कृपया बसा. नाव?"

धाकटे बसले नाहीत. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून त्याला जे सगळ्यात पाठ असतं तेच बाहेर येतं. "मॅडम स्वल्पविराम," ते म्हणाले, "नाव नाही पूर्णविराम. आम्ही पाचांतले चार दिवस स्वतंत्र काम केलंच नाही पूर्णविराम. मी मोठ्याने वाचत होतो अर्धविराम हे पेन्सिल आपटत होते पूर्णविराम. नियम मोडायचा म्हणून नव्हे स्वल्पविराम सुरुवातीला आम्हाला कळलंच नाही पूर्णविराम. स्वतंत्र काम आम्ही फक्त गुरुवारी केलं पूर्णविराम."

मागून थोरल्यांच्या बोटाने खुर्चीच्या पाठीवर हलकेच वाजवलं. टक टक.

"गुरुवारचे आकडे तुमच्याकडे आहेत प्रश्नचिन्ह," धाकटे म्हणाले.

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. एकावर आणि दोनवर बोट ठेवलं. मग नऊ-नऊच्या चार रांगांवर. तेवढ्या वेळात धाकट्यांनी मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा केला, डबा उचलला, दाराला हात लावला आणि घरचा जिना चढून बायकोसमोर उभे राहिले.

"म्हणजे," मॅडम शेवटी म्हणाल्या, "एक अधिक दोन बरोबर नऊ."

"हो मॅडम."

"हे माझ्या तक्त्यात बसत नाही."

"नाही मॅडम."

"मला तक्ता बदलावा लागेल," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कृपया म्हणणाऱ्या माणसाचा वाटला नाही. "तुम्ही जा. कामाला लागा. दोघेही."

दुपारी सुतार आले आणि भिंत काढून घेऊन गेले. खिडकी आणि पंखा पुन्हा एकाच खोलीत आले. धाकट्यांनी थोरल्यांसमोर मूळ प्रत धरली आणि एक अख्खं पत्रक वाचलं, खोकल्याच्या औषधाचं. त्यात दोन टकी झाल्या, दोन्ही खऱ्या. बसथांब्यावर त्या दिवशी ते रस्त्याबद्दल काही बोलले नाहीत. थोरले म्हणाले, "आजपासून घरी मला थोरले म्हणू नका, मला लाज वाटते." धाकटे म्हणाले, "सवय झालीये हो, आता जिभेला दुसरं काही येणार नाही."

मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा दारावर नवा कागद होता.

कागद इंग्रजीत होता. वरती तारीख, खाली तक्ता. दाराशेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं, कमरेएवढं उंच, आणि त्यावर नाजूक वस्तू आहे म्हणून काचेच्या पेल्याचं चित्र.

"वाचा," थोरले म्हणाले. "मी चष्मा विसरलोय." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

धाकट्यांनी घसा साफ केला. मथळा जाड अक्षरात होता. "वाचणारा अधिक तपासणारा," त्यांनी वाचलं, आणि थांबले, कारण आयुष्यात पहिल्यांदाच ते दोघे पुढच्या शब्दाच्या एकाच बाजूला होते आणि हे त्यांना क्षणभर उभं राहून बघायचं होतं. मग त्यांनी पुढचं वाचलं. "व्हर्सेस तपासणी यंत्र कोलन एक महिना पूर्णविराम."

त्यांनी वाट बघितली. शेजारी थोरल्यांची पेन्सिल दाराच्या चौकटीपाशी उलटी धरलेली होती. धाकट्यांनी ती ओळ पुन्हा एकदा, हळू, एकेक अक्षर सुटं करून वाचली आणि कान देऊन उभे राहिले.

टक झाली नाही. कागदात चूक नव्हती.